चतुर तेवढा वाचला

चित्रं कोण बघतं म्हणता? ऐका. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. भिवंडीजवळ पडघ्याला मी चित्रकला शिकवायचो. लोकांना शेतातले किडे ओळखता यावेत म्हणून शाळेच्या पडवीत, रस्त्यावरून दिसतील असे हातभर मोठे बारा किडे रंगवले. कोण काय खातो, तेही खाली लिहिलं. महिनाभर कुणी थांबून बघितलं नाही.

मग हिवतापाचे फवारणीवाले आले. मधल्या सुट्टीत बाहेर येऊन बघतो, तर अकरा किडे औषधाने पांढरेफटक! चतुर मात्र जसाच्या तसा.

"हा का सोडलास?" मी पंपवाल्याला विचारलं.

"मास्तर, तुम्हीच लिवलंय ना, ह्यो डास खातो? मग ह्यो तर आमच्याच ड्युटीवर हाय."