हरला तो घरी!

…आणि वर मलाच विचारतात, "बाबा, तुम्हाला आनंद नाही झाला?" आनंद? आनंद कसला डोंबलाचा! अहो, बहात्तर वर्षांचा माणूस, एका पायात मोजा, एक पाय उघडा, डोक्याला कानटोपी, कंबरेपर्यंत त्या बीनबॅगमध्ये रुतलेला, सकाळचे सात वाजलेत, चहाचा पत्ता नाही, आणि समोर टीव्हीवर बावीस धट्टेकट्टे पुरुष एका चेंडूच्या मागे… आणि मी हलायचं नाही! कारण मी हललो तर लिव्हरपूल हरेल! तुम्हाला सांगतो, हसू नका, तुमच्या मुलांना अजून हे सुचलेलं नाही एवढंच.

आता हे सुरू कसं झालं ते ऐका. मी आणि सरोज, दोघं इथे सँडरिंगहॅमला, पार दक्षिण गोलार्धात, मुलाकडे आलो ऑक्टोबरात. परतीचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं. एप्रिलच का? आंबा! दुसरं काय? आमच्याकडे रत्नागिरीहून पेट्या येतात, मी स्वतः पलंगाखाली गवतात आढी लावतो, रोज सकाळी खाली वाकून एकेक फळ हातात घेऊन बघतो… आणि इथे? मेन रोडवरच्या दुकानात डब्यातला रस! डब्यातला! आंब्याचं सुतक पाळल्यासारखं वाटतं तो खाताना. आणि मला सांगा, बहात्तरी ओलांडलेल्या माणसाचे आंब्याचे सीझन राहिलेत किती? त्या फुटबॉलवाल्यांचा सीझन दर वर्षी येतोय. माझं काय?

तर मार्चात एक दिवस सकाळी मी कानटोपी चढवून मोजे घालत होतो. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे, म्हणून बीनबॅगवर टेकलो. चारुदत्त, आमचे चिरंजीव, आयटीत आहेत, 'वर्क फ्रॉम होम' म्हणून टीव्हीसमोर बसलेले. म्युनिकला मॅच, तिकडची रात्र म्हणजे इथली सकाळ. मी एक मोजा पायात घातला… आणि गोल! असा ओरडला, असा ओरडला, मला वाटलं भूकंप! "बाबा, हलू नका! दुसरा मोजा घालू नका!" क्रिकेट बघताना आपण नाही का म्हणत, बस तिथेच, विकेट जाईल? तेच! पण क्रिकेटमध्ये निदान आपला देश असतो हो! हा कोथरूडचा मुलगा, लिव्हरपूल नकाशावर दाखव म्हटलं तर बोट समुद्रात पडेल, आणि "आपले जिंकले, आपले जिंकले"! आपले? कोण लागतात तुझे? मावसभाऊ?

मी विचारलं, ही स्पर्धा तरी कसली? तर म्हणे, चॅम्पियन्स लीग, युरोपातला जुना मानाचा कप, पंचावन्न सालापासूनचा. म्हटलं, वा, म्हणजे हे इंग्लंडचे चॅम्पियन? तर म्हणे, नाही बाबा, गेल्या वर्षी चौथे आले होते. चौथे! अहो, आमच्या शाळेत चौथ्या नंबराला कुणी टाळ्यासुद्धा वाजवत नव्हतं, यांना युरोप फिरायला पाठवतात! "पण आता नॉकआउट आहे बाबा. बाद फेरी. सिंपल आहे, हरला तो घरी!"

हरला तो घरी! मला नियम पटला. कारण त्याच रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, तिकीट जरा पुढे ढकलतो. तुम्ही बसलात की जिंकतात. हरले की लगेच बुक करतो." आणि आमची सौभाग्यवती? शेहेचाळीस वर्षांचा संसार! ती म्हणते, "राहू या की हो, मुलगा एवढा म्हणतोय तर." मुलगा म्हणतोय म्हणून नाही हं! तो एक कुरळ्या केसांचा पळतो ना, त्याच्यासाठी. "किती दमतो हो बिचारा, कुणी सरबत तरी द्या त्याला!" मी चहासाठी तळमळतोय, आणि हिला सरबत सुचतंय!

एप्रिल उजाडला. पोर्तुगालवाल्यांशी मॅच, पहाटे उठवून मला बीनबॅगमध्ये बसवलं, एक मोजा, कानटोपी. जिंकले. आठवड्यानं परत त्यांच्याशीच! परत जिंकले. अरे, त्यांना एकदा हरवलं होतं ना? मग? आठवड्यात दोनदा कशाला हरवायचं त्या बिचाऱ्यांना? नात आमची, सिद्धी, दहा वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्मवर लाल जर्सी चढवून माझ्या पुढ्यात उभी, मराठी कळतं सगळं, पण बोलेल तर शपथ! "आजोबा, डोन्ट मूव्ह! यू आर डूइंग हीप्स गुड!" म्हणजे ढीगभर चांगलं! काय करतोय मी, बाळा? बसलोय! तिकडे पुण्यात हापूस उतरला, शेजारी फोटो पाठवतायत, आणि मी एका मोज्यात बसलोय!

मग आलं बार्सिलोना. देवासारखे धावून आले हो! तीन गोल! तीन-शून्य! चारुदत्त उशीत तोंड खुपसून बसला, आणि मी, खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात पेटीचं झाकण उघडलं. दुपारपर्यंत बॅग पलंगावर! हरला तो घरी, नाही का? संध्याकाळी चिरंजीव म्हणतात, "बॅग कसली काढलीत? अजून एक लेग आहे. दोन मॅचचे गोल मिळून ठरतं, बाबा." म्हटलं, हरले ना? "हरले. पण पुढची मॅच घरी आहे." म्हणजे, हरले ते घरी गेलेच, पण खेळायला! हा काय नियम झाला? परीक्षेत नापास झालेल्या पोराला आठवड्यानं त्याच्याच घरी पेपर द्यायला बसवतात का?

तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. ठरवलं, आता हरवायचंच यांना! बुधवारी सकाळी मी दोन्ही पायांत मोजे घातले, दोन्ही! कानटोपी काढली, आणि मागच्या दारानं पसार! कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं वाण्याचं दुकान हो, तिथून दूध घेतलं, बाकावर बसून पक्षी बघितले, रमतगमत परत आलो. तर गल्लीच्या तोंडाशीच आरडाओरडा! चार-शून्य! चार! सिद्धी मला येऊन बिलगली, "आजोबा, यू लेफ्ट ॲण्ड दे स्कोअर्ड! स्वीट ॲज!" म्हणजे झकास! आणि सरोज काय म्हणाली असेल? "अहो, आधीच गेला असतात तर तिकडे तीन खाल्ले नसते त्यांनी!" मग मार्चपासून मला त्या बीनबॅगमध्ये पुरलं होतं ते कशाला? चारुदत्त म्हणतो, "फॉर्म बदलतो बाबा. फायनलला तुम्ही बाहेर!"

जूनची दोन तारीख, रविवार, इथला हिवाळा, भुरभुर पाऊस, आणि पावणेसातला मला घराबाहेर काढलं. बापाला! बस स्टॉपवर जाऊन बसलो. तर तिथे आधीच एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, मफलर गुंडाळलेले, नाक लाल. म्हटलं, नमस्कार, बसची वाट बघताय? "कसली बस राव! पोरानं हाकललं बघा. म्हनला, आबा, सेमीफायनलला तुम्ही भाईर होता म्हून टॉटनहॅम जिकलं. आज बी भाईर थांबा." कोल्हापूरचे. शिवाजीराव. पलीकडच्याच गल्लीत. मी म्हटलं, मी लिव्हरपूलचा, म्हणजे आज आपण समोरासमोर. त्यांनी थर्मासमधला चहा दिला मला. तो घोट घशाखाली गेला आणि डोळ्यांत पाणी आलं हो. हळूच विचारलं, तुमचं तिकीट? म्हणाले, "टीम हरली की उद्या बुक. हरला त्यो घरी!"

आणि दोघांच्याही एकदमच डोक्यात आलं… बाहेर बसलो तर जिंकतात. मग आत गेलो तर? मी उठलो. तेही उठले. "तुमी बसा की जनार्दनराव, पाऊस हाय." म्हटलं, छे छे, तुम्ही बसा, तुमचा गुडघा दुखतोय. आणि मग, तुम्हाला सांगतो, दोन म्हातारे, एक या गल्लीत, एक त्या गल्लीत, जे सुटलो! बहात्तर वर्षांत कधी एवढा पळालो नव्हतो. घरी पोहोचलो, दाराला हात घातला… कडी! आतून कडी! मागच्या दारालाही कडी! चिरंजिवांनी बाप ओळखलेला! मी दार बडवतोय, आतून सरोज, "अहो, थांबा जरा, दुसऱ्याच मिनिटाला गोल झालाय! तिथेच उभे राहा, गुणी माणूस आहात ना!" पायरीवर उभा राहिलो मी, मॅच संपेपर्यंत. दोन-शून्य. शिवाजीरावांच्या घरी दार सताड उघडं होतं हो! सरळ आत जाऊन सोफ्यावर बसले!

टॉटनहॅम हरलं, ते गुरुवारी कोल्हापूरला गेले. मी तिकिटाचं काढलं, तर सरोजच म्हणाली, "आता जाऊन काय करायचं? आंबे संपले, पाऊस लागेल. आणि ऑगस्टात परत सुरू होतंय म्हणे." काल शिवाजीरावांचा फोन आला. मागे पुऱ्या तळल्याचा आवाज. "जनार्दनराव, शेवटची पेटी घावली बघा! रस काढलाय. तुमी कवा येताय?"

काय सांगू? म्हटलं, तुमचं नशीब थोर, शिवाजीराव. आमच्या घरात सगळे जिंकलेत.