काम सुरू, काम संपलं

मी, नोएलीन रूथ पर्टन, वय ४४, धंदा घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा, सध्या राहणार बहिणीच्या घरी, जीव्हस्टन, टास्मानिया. ह्यूऑनव्हिल पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी शोना व्हिटब्रेड यांच्याकडे काम करते. आम्ही पाच बायका आहोत. कोणी कुठे जायचे ते पूर्वी ऑफिसातल्या फळ्यावर लिहीत असू. गेल्या हिवाळ्यात एका आजींकडे दोन दिवस कोणीच गेले नाही. प्रत्येकीला वाटले, दुसरी गेली असेल. मग शोनाने सगळ्यांना बसवून विचारले, कामाची नोंद कशी ठेवायची. शेवटी फोनवरचे अॅप ठरले. पोचल्यावर 'काम सुरू' दाबायचे, निघताना 'काम संपलं'. कोण कुठल्या घरी आहे ते शोनाला दिसते. लांबच्या मळ्यांत एकटीने जाणाऱ्यांना त्याचा आधार वाटेल, असे मीही म्हणाले होते.

माझा फोन जुना असल्याने मी ते अॅप आधी घरच्या टॅबलेटवर घेतले, नवा फोन आल्यावर त्यावरही. मार्चमध्ये मी नवरा क्लाइव्ह पर्टन याचे घर सोडले. का सोडले ते मी वेगळ्या अर्जात सांगितले आहे. टॅबलेट त्याच्याकडेच राहिला. त्यावर माझे खाते उघडेच राहिले, हे मला माहीत नव्हते.

एप्रिलपासून मी 'काम संपलं' दाबले की त्याचा निरोप येऊ लागला. पहिला असा होता : 'आज लवकर आटोपलंस. छान.' पुढे त्याची पांढरी गाडी मला कामाच्या घरांसमोर दिसू लागली. तो उतरत नसे. त्याला कोण सांगते ते मला कळेना. मी बहिणीवरही संशय घेतला. तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

काल सकाळी मी आल्फ टॅटनेल, वय ८६, यांना आंघोळ घालत होते. ते सफरचंदाचे जुने बागायतदार. बाहेर गाडी थांबली. न्हाणीघराच्या खिडकीतून मला क्लाइव्ह दिसला. या वेळी तो उतरला होता आणि हातात आमचा टॅबलेट होता. तेव्हा मला सगळे समजले.

माझे हात थांबले. आल्फ यांनी विचारले, "कोण आहे, पोरी?" मी सांगितले. फोनवरून त्याला माझा ठावठिकाणा कळतो, हेही सांगितले. त्यांनी अंगावर टॉवेल घेतला आणि म्हणाले, "फोन इथेच ठेव. त्यात तुझं काम सुरूच दिसू दे. तू मागच्या दाराने शेजारच्या गोठ्यात जा."

मी त्यांना एकटे सोडायला तयार नव्हते. त्यांना वॉकरच्या चौकटीशिवाय चालता येत नाही. ते म्हणाले, "मला तो काय करणार? जा म्हणतो ना."

मी गेले. क्लाइव्ह आत आला तेव्हा मागच्या दाराआडून मला आल्फ यांचे त्याच्याशी बोलणे ऐकू आले. "ती न्हाणीघर घासतेय. बस. काम संपलं की तुला त्याच्यावर कळतंच, नाही का?" क्लाइव्ह खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मी कुंपणातून गोठ्याकडे पळाले. तिथल्या बाईंनी पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत मी गवताच्या गठ्ठ्यांमागे होते. आल्फ यांच्या घरातून काही ऐकू येते का, एवढेच मी ऐकत होते. काही ऐकू आले नाही. तीच वेळ मला सगळ्यात कठीण गेली.

पोलीस आत गेले तेव्हा क्लाइव्ह स्वयंपाकघरात टॅबलेट समोर ठेवून बसला होता. आल्फ नुसता ओला टॉवेल गुंडाळून, थंडीने कुडकुडत, त्याला बागेच्या छाटणीबद्दल सांगत होते. त्यांना इस्पितळात नेले आहे. छातीत कफ झाला आहे. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

शोनाने आज अॅप बंद केले. आता प्रत्येकीने निघताना तिला फोन करायचा, असे ठरले आहे. मी अजून कामावर गेलेली नाही. जाईन असेही आज सांगू शकत नाही.

क्लाइव्ह याने मला भेटू नये, माझ्या जवळ येऊ नये, असा हुकूम मिळावा अशी माझी विनंती आहे.

हा जबाब हवालदारबाईंनी दार लावून, माझ्या सांगण्यावरून हळू आवाजात मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. सही करण्यापूर्वी मी दोनदा विचारले की क्लाइव्ह आज रात्री कोठडीतच आहे ना. आहे, असे सांगितल्यावर सही केली.