स्वच्छ रिपोर्ट

(सरकारी रुग्णालयातली लहान मुलांची ओपीडी. डॉक्टर दीप्ती, बारा वर्षांची रोशनी आणि तिची आई शेवंती.)

दीप्ती : सांधे?

रोशनी : नाही दुखत.

दीप्ती : ताप? तोंडात फोड?

रोशनी : काहीच नाही. एकदम झकास.

शेवंती : खरंच बरी आहे, मॅडम. ऊन लागू देत नाही, मासळी सुकवायला मी एकटीच जाते. रोज सकाळी लघवीला फेस येतो का तेही बघते, तुम्ही सांगितलंत तसं. नसतो.

दीप्ती : लघवीचा रिपोर्टही स्वच्छ आहे. पण बीपी वाढलंय. आणि रक्ताचे रिपोर्ट सांगतायत, तिच्या जुन्या दुखण्याने, ल्युपसने परत उचल खाल्लीय. जुळत नाही हे. चप्पल काढ गं. पैंजण कुठे गेले?

शेवंती : काढून ठेवलेत. फॅशन नाही म्हणते आता.

दीप्ती : बोट दाबलं तिथे खड्डा राहिला, बघा. सूज आहे ही. रोशनी, बाटलीत कोणाची लघवी होती?

शेवंती : असं काय विचारता, मॅडम? तिचीच.

दीप्ती : तिला बोलू द्या.

रोशनी : तेजलताईची.

शेवंती : आपल्या तेजलची? लग्नाला आठ दिवस राहिलेत तिच्या!

रोशनी : ती नकोच म्हणत होती. मीच मागे लागले.

शेवंती : आणि सकाळचा फेस?

रोशनी : तू बघायच्या आधी मगभर पाणी ओतायचे मी.

दीप्ती : का पण?

रोशनी : फेस दिसला की तुम्ही गोळ्या वाढवता. मग तोंड सुजतं. मागे वर्गात सगळे पाव म्हणायचे मला. तेजलताईच्या हळदीला मला माझ्या तोंडाने नाचायचं होतं. नंतर सांगणारच होते.

दीप्ती : फेस म्हणजे किडनी बिघडतेय, बाळा. ती हळदीपर्यंत थांबत नाही. शेवंतीताई, आजच ॲडमिट करायला लागेल.

शेवंती : करा.

रोशनी : आई, ओरड ना मला.

शेवंती : काय ओरडू? काही वाटतच नाहीये मला आत्ता. सगळं बधिर झालंय.

दीप्ती : ही नवी बाटली. बाथरूम बाहेर, उजव्या हाताला.

रोशनी : मी एकटी जाते. माझीच भरेन, शपथ.

शेवंती : ठाऊक आहे. तरी येते. चप्पल घाल.

रोशनी : पट्टा लावता येत नाही. बोटं दुखतात.

शेवंती : सकाळी म्हणून मला लावायला सांगितलास?

रोशनी : हो.

शेवंती : पाय दे. वळ उठलाय इथे. एक भोक सैल करते. सकाळी मीच ओढून लावला होता.