हात बघून काढलेले नाहीत

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही गं, कामावरच आहे, पण बोल तू. फोन खांद्यात धरलाय. … ती इस्त्रीची वाफ गं, मी कशाला फुसफुसू?

हॉटेलच्या लाँड्रीत ती टेबलाशी उभी होती. समोर चादरींचा डोंगर, बाजूला अभ्र्यांचा दुसरा. आणि मोठ्या बहिणीचा फोन म्हणजे लवकर सुटका नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

बिट्टीचं चित्र? … मिळाली ना श्रेणी. ‘ब’. … हो, ‘ब’च. … अगं ऐक ना, बाईंना नावं ठेवू नकोस. त्यांचं काही चुकलं नाही. माती मीच खाल्ली.

… सांगते, सांगते. विषय होता ‘घरातलं माणूस काम करताना’. तर बिट्टीनं मला काढलं. … मलाच! सुट्टीच्या दिवशी इथे टोपलीवर बसून टकामका बघत होती माझ्याकडे. … चेहरा? हुबेहूब. इस्त्री, चादरीच्या घड्या, सगळं. पण हात! ताई, हे एवढाले. चेहऱ्यापेक्षा मोठे. एकेक बोट म्हणजे लाटणं. … हसतेस काय? मलाही आधी हसूच आलं. मग वाटलं, हे वर्गात भिंतीवर लागणार, चार लोक बघणार, म्हणणार हिची आई कुस्त्या खेळते की काय.

तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि ती खिडकीशी सरकली. हे बोलणं काम करता करता होण्यातलं नव्हतं.

… मग काय. ती आंघोळीला गेली आणि मी खोडरबर घेतला. … हो, मीच. छान नाजूक हात काढले. निमुळत्या बोटांचे. आपल्या वेळी नीटनेटक्या चित्रालाच मार्क मिळायचे ना, मला वाटलं… हो. हो गं, कळतंय मला. … तिला? दप्तर भरताना दिसलं. नुसती बघत राहिली. मग कागदाची गुंडाळी केली आणि गेली शाळेत. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

… शेरा ना? पाठच झालाय. ‘चेहरा, इस्त्री, चादर उत्तम. हात बघून काढलेले नाहीत.’ … हो ना! नेमकं बोट ठेवलं. बाईंनी वर्गात आधीच बजावलं होतं म्हणे, सुबक नको, बघून काढा, त्यालाच मार्क. बिट्टीनं मला ते सांगितलंही होतं. मी एका कानानं ऐकलं. … नाही. पोरीनं माझं नाव नाही घेतलं. बाईंनी विचारलं तेव्हा खाली मान घालून उभी राहिली. दोष स्वतःच्या अंगावर घेतला, एवढ्याशा जिवानं.

पलीकडून ताई बराच वेळ काहीतरी समजावत राहिली. ही नुसती ‘हं’, ‘हं’ करत खिडकीच्या काचेवरची वाफ पुसत होती.

… गेले ना शाळेत! … लाज वाटली, पण गेले. बाईंना म्हटलं, हात माझे आहेत. … अगं, म्हणजे मी काढलेले! त्याही अशाच गोंधळल्या. मग त्यांनी कागद उजेडात तिरपा धरला. ताई, खोडलेल्या रेघांचे वळ तसेच होते. दाबून काढते ना ती. एकेक पेर दिसत होतं. सुजलेलं. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डागसुद्धा. … हो, तोच. तो इतका दिसतो, हे मलाच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

… नाही, रडत नाहीये. वाफ आहे इथे.

… बाई भल्या आहेत. म्हणाल्या, पुन्हा काढू दे, श्रेणी बदलते. … अगं, पुढचं ऐक तर! काल आणलं तिला इथे. मी मुद्दाम बाह्या वर सारल्या, हात उजेडात धरले… हो, वेड्यासारखी. तिनं मान वर केली नाही. म्हटलं, बिट्टी, बघ ना माझ्याकडे. तर म्हणते, ‘नको आई, येतात मला आता.’

… काय काढले म्हणजे? मी काढले होते तसेच. नाजूक. माझ्याहून सुबक. … नाही गं, रागानं नाही! राग असता तर समजूत काढली असती. खुशीत होती. कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘आता आवडले ना तुला?’

… आज दिलं बाईंकडे. बाई काय द्यायचं ते देतील, त्याचं काही नाही… काय? … मी काय सांगितलं तिला? … ताई, मी… हॅलो? हॅलो? ताई, येतोय का आवाज?

लाईन कटली होती. फोन कानाशी तसाच धरून ती उभी राहिली.

“आवडले म्हणाले गं,” ती म्हणाली. “पटकन तेच तोंडातून गेलं.”