वेढ्याचं भाषण

राही : मी काय तुज्या तलवारी-बंदुका बघाया आलेली नाय, दादा. आज तुजं भाषन झालं की तुजा भाचा शिवा पलटनीत नाव द्यायला जानार. बाहेर भरतीवाल्यांनी तंबूच ठोकलाय.

काशीराम : कोन म्हन्तो?

राही : तोच. मुंबैची गिरनी बंद पडल्यापासून घरी बसून व्हता. गेल्या ऐतवारी हितं येऊन तुजं भाषन ऐकलंन. तवापासून एकच. "माजा बा तुर्कांच्या गोळ्या झेलीत पडला, आनी मी पेज पीत बसू?"

काशीराम : तुला तर मी बसऱ्याहून परत आल्या दिवशीच खरं सांगितलं व्हतं. त्याला सांगायचंस.

राही : सांगितलं. म्हनाला, मामा खोटं बोलनार नाय. बापाचा फोटू भिंतीवर, त्याची पान्याची बाटली काचेच्या कपाटात, खाली 'धारातीर्थी पडला' म्हनून छापलेलं. माज्या तोंडापरीस छापलेलं खरं!

काशीराम : ते संग्रहालयाच्या राजाभाऊंनी छापलंय.

राही : बोलतोस तर तू.

काशीराम : न बोलून जाऊ कुठं, बाय? पायाची बोटं तिकडंच झडली. भाताच्या लावनीला चिखलात उभं ऱ्हाता येत नाय. हितं या संग्रहालयाची राखनदारी हाय, मागं ऱ्हायला खोली हाय. खरं बोललो तर दोन्ही जातील.

राही : आनी खोटं बोललास तर माजा शिवा जाईल.

राजाभाऊ : काशीराम! अहो, अजून पटका बांधला नाहीत? भरतीचे साहेब मंडपात येऊन बसलेसुद्धा. आणि या कोण?

काशीराम : माजी भैन, राही. भिकाजीची बायको.

राजाभाऊ : अरे वा! मग यांना पुढेच बसवू. बाई, तुमच्या यजमानांच्या बाटलीपाशी गर्दी हटत नाही हो.

राही : ते लढाईत गेले नाय, भाऊ.

राजाभाऊ : ठाऊक आहे मला. पण बाई, कोकणातला माणूस तिकडे मेला, त्याची दोन अक्षरांनी तरी कोणी आठवण ठेवली होती? मी दारोदार फिरून ही कपाटं उभी केली. लोक गाड्या जुंपून येतात, ते काय रडायला? काशीराम, पाठ आहे ना? वेढा, झेंडा, भिकाजी, शेवटी जयजयकार. अंगणातल्या खंदकात उभे राहा. फटाके वाजले की वर या.

काशीराम : त्या खंदकात माजा जीव गुदमरतो, भाऊ. एकदा कोंडून झालंय माजं.

राजाभाऊ : घटकाभराचा तर प्रश्न. चला, चला.

(फटाके वाजतात. काशीराम खंदकातून वर येतो.)

काशीराम : राम राम मंडळी. रोज सांगतो ते आज नाय सांगनार. मागल्या म्हायुद्धात बसऱ्याच्या वर कूत गावात तुर्कांनी आमाला कोंडलं. चारी बाजूंनी वेढा, निघायला वाट नाय. दाना संपला तशी घोडी कापली. आदी आमी शिवलो नाय, धरम आडवा आला. मग खाल्ली. शेवटी आमच्या पलटनीच्या साहेबांनी हत्यारं खाली ठेवली. झेंडाबिंडा कुनी धरला नाय. आमाला कैदी करून वाळूतनं हाकलीत नेलं. भिकाजीला हगवन लागलेली. तो बसला. मी उठवला, परत बसला. ही बाटली माज्या हातात दिलान. म्हनाला, "भरून आन." पानी कुठं व्हतं? तुर्की शिपायानं मला बंदुकीचा दस्ता हानून पुढं घातलं. वळून बघितलं, तर त्याचा हात अजून वर व्हता. शिवा, हितं असशील तर ऐक. तुजा बा लढताना नाय मेला. तू जाऊ नको.

राजाभाऊ : बसा, काशीराम, बसा आता. लोक गेले. काय बोललात हो!

काशीराम : किल्ल्या खुंटीला लावल्यात, भाऊ. सकाळी खोली सोडतो.

राजाभाऊ : खोली? अहो, टाळ्या ऐकल्या नाहीत? मंडप डोक्यावर घेतला लोकांनी! साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, इतकं सोसणारी माणसं याच मातीत निपजतात. उद्यापासून हेच बोलायचं. फक्त शेवटचं ते 'जाऊ नको' तेवढं गाळा.

काशीराम : मला ते परत नाय बोलायचं.

राजाभाऊ : असं कसं? पुढे चिपळूणची सभा आहे, खेडची आहे. साहेबांना मी हो म्हणून बसलो! आणि बाटली कपाटात नको, तुमच्याच हातात राहू दे. फार परिणाम होतो. येतो मी, साहेबांना पोचवायचंय.

काशीराम : राही, तू हितंच हायस? शिवा कुठं?

राही : तंबूत जाऊन आला. नाव दिलान.

काशीराम : मी खरं सांगितलं ना गो!

राही : सांगितलंस. सगळं ऐकलंन त्यानं. रडला पन. मग म्हनाला, आये, असं सोसून गेला माजा बा, आनी मी मागं ऱ्हाऊ?

काशीराम : माज्याकडं धाड त्याला.

राही : दारातच उभा हाय. तुज्या पाया पडून जाईन म्हन्तो.