काका ऐकतायत

आणि कुजबुजताय कशाला, डॉक्टर? मोठ्याने बोला की. काकांना ऐकू जाणार नाही. कानांवर हेडफोन आहेत — आणि नसते तरी फारसा फरक पडला नसता, पण ते नंतर सांगते. बसा. त्या खोक्यावर नको, त्यात नवा माल आहे, इकडे स्टुलावर. परवा तुमची टेप माझ्या हातात दिलीत ना, मग तुमचं काम संपलं. आता काका दोन्ही बाजू ऐकणार, डोळे मिटून, आणि मग चिठ्ठी लिहिणार. टेप मी लावायची, कव्हर मी लपवायचं, कुणाची आहे ते सांगायचं नाही — हा त्यांचाच नियम, दुकान काढलं तेव्हापासूनचा. नाव कळलं की कान खोटं बोलतात म्हणे. ऐकायला छान वाटतं, नाही का? मलाही वाटायचं. कॉलेजात मैत्रिणींना सांगत असे मी, माझे काका असे आहेत म्हणून. त्या म्हणायच्या, कोण, ते भुतं ओरडल्यासारखं मेटल म्युझिक विकतात ते? हो, तेच.

चिठ्ठीचं महत्त्व तुम्हाला काय सांगायचं — ते माहीत आहे म्हणून तर दाताचा दवाखाना बंद ठेवून या तळघरात येऊन बसलात, माझं तोंड बघायला नाही आलात. काकांच्या अक्षरातल्या तीन ओळी टेपवर चिकटल्या की संध्याकाळपर्यंत माल संपला, आणि वरच्या हॉलमध्ये वाजवायला बोलावणं आलं. चिठ्ठी नाही, तर खालचा कप्पा. खालच्या कप्प्यात गेलेली टेप परत वर आलेली मी अजून पाहिलेली नाही. कव्हरचा रंग उडतो, आणि मग कुणीतरी येऊन विचारतं, हिच्यावर दुसरं काही भरता येईल का. तुमचं तसं होऊ नये असं वाटतंय ना? वाटणारच. चाळिशी उलटल्यावर माणूस या वाटेला येतो तेव्हा त्याला फार घाई असते.

तोवर नवीन काय ऐकण्यासारखं आहे ते विचारा. विचारा हो, तेवढं मला कळतं. ही 'ओल' — तिघी बहिणी, दोन बेस आणि एक ड्रम, गिटार नाहीच. पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरून रेकॉर्ड केलंय. इतकं संथ, की एक ठोका पडल्यावर दुसरा पडेल की नाही अशी शंका यायला लागते, आणि पडतो तेव्हा थेट पोटात पडतो. ही 'तक्रार निवारण' — चौघे कारकून, एकाच कचेरीतले. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं, आणि शब्द म्हणजे लोकांचे तक्रार अर्ज, जसेच्या तसे. 'नळाला पाणी नाही, महोदय' — हे घशाच्या तळातून, रानडुकरासारखं. हसलात? मीही हसले होते, पुन्हा ऐकलं तेव्हा हसू आलं नाही. आणि ही — ही नुसती हातात धरू नका, घेऊनच जा. 'चादर'. एकटी बाई आहे, नर्स. ड्यूटी संपली की इस्पितळात चादरी ठेवायच्या खोलीत बसते. गिटार म्हणजे पत्रा करवतीने कापावा तसा आवाज, त्याखाली ड्रम नुसते कोसळत राहतात, आणि किंचाळताना ती तोंडात उशीचा अभ्रा कोंबते, कारण भिंतीपलीकडे आजारी माणसं झोपलेली असतात. दाबलेली किंचाळी, डॉक्टर. मोकळी किंचाळी कुणालाही जमते. मध्येच बाहेरून ट्रॉली गेल्याची खडखड आहे, ती तिने काढली नाही. काढली नाही म्हणून ती मोठी. तुम्ही असता तर काढली असती.

लागलं का? लागू दे. तुमची टेप ऐकली मी काल. ते ड्रिलचं चांगलं आहे — खरंच. दवाखान्यातलं ड्रिल, त्याखाली तो घोगरा बेस, अंगावर काटा येतो. पेशंटला विचारलं होतंत का, की बाबा रे, तुझ्या दाढेचं मी गाणं करतोय? नाही ना? नकाच विचारू, तेवढंच काय ते खरं आहे त्यात. घोळ होतो तो ड्रिल बंद झाल्यावर, कारण मग तुम्ही गाता. चूळ भरल्यासारखं. घरी बायको काय म्हणते? राहू दे, सांगू नका, कळलं.

ते बघा, काका बघा. मान डोलायला लागली. बोटं टेबलावर कशी सावकाश फिरतायत — आवडलं की ते असंच करतात. तुमचा चेहरा केवढा उजळला. आता जरा हा ड्रॉवर बघा. काय आहे आत? तुमचीच टेप. हो हो, नुसतं कव्हर नाही, टेपही आतच आहे, उघडून खात्री करा. उठू नका. बसा म्हणते ना. मशीनमध्ये आहे ती कोरी. नवी कोरी करकरीत, तिच्यावर माणसाचा श्वाससुद्धा नाही. आणि माझे काका तिला दाद देतायत.

कसं म्हणजे? त्यांच्या कानात शिट्टी वाजते. दिवसरात्र. आयुष्यभर स्पीकरला कान लावून बसले, त्याचं फळ. कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. ते म्हणाले, बाहेरचे आवाज कमी कमी होत जातील, ही तेवढी राहील. हेडफोन लावून डोळे मिटले की ती शिट्टी, तिच्याखाली एक घरघर, आणि त्यालाच ते रेकॉर्ड समजतात. बरं, हल्लीच्या निम्म्या टेपा असतातही तशाच, एकच सूर ताणत नेलेला, त्यामुळे त्यांना एकट्याला हसण्यात अर्थ नाही. मला कसं कळलं? गेल्या महिन्यात एका बँडचा माल आला. कारखान्यात काहीतरी चुकलं आणि दुसरी बाजू कोरीच राहिली. काकांनी काय लिहावं — पहिली बाजू ठीक, दुसरी मात्र उघड्या विजेच्या तारेसारखी. संपला की हो माल. परत द्यायला एक माणूस आला नाही. एक जण तर म्हणाला, दुसऱ्या बाजूने माझी झोप उडवली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, पण इथे तर जात्यात दाणाच नव्हता. बँडवाले काही बोलले का? बँडवाल्यांनी चिठ्ठीचा फोटो मागवून घेतला.

तर तुम्हाला का बोलावलं. रविवारी दुकानाची जुनी मंडळी जमतात इथे, काकांचा शब्द झेलणारी. मी काही म्हटलं तर म्हणतील, कानामागून आली आणि तिखट झाली, काकाचं दुकान बळकावतेय. तुम्ही सांगा. डॉक्टर माणूस तुम्ही, दातांचे का होईना. एवढंच म्हणायचं — मी डोळ्यांनी पाहिलं, कोऱ्या टेपला त्यांनी चिठ्ठी दिली. बस. मग काका घरी, खिडकीपाशी, आणि चिठ्ठ्या मी लिहीन. दुष्टपणा वाटतो? वाटू दे. या लोकांपैकी कुणी आपणहून खुर्ची सोडलेली बघितलीय तुम्ही? ती खालून ओढावीच लागते. खोकी मी उतरवायची, काउंटर मी सांभाळायचा, जिन्यावर पाणी साचलं की ते मी उपसायचं, आणि तोंड उघडलं की — बाळ, तुझे कान अजून तयार व्हायचेत. बाळ म्हणतात मला. गिऱ्हाइकांसमोर.

काय? माझी कोणती टेप? अच्छा, खालच्या कप्प्यात. नजर बरी आहे की तुमची. हो, माझीच. एकटीने केलेली, गिटार, ड्रम, आवाज, सगळं. नाव न सांगता लावली होती, बाकी सगळ्यांची लावते तशीच, आणि या काउंटरची कड धरून उभी होते. काका ऐकत होते. मान हलली नाही. बोटं हलली नाहीत. मग लिहिलं — 'या मुलीला राग आलेला नाही. राग आल्यासारखं दिसायचं आहे.' संपलं. तिसरी ओळ लिहायचीसुद्धा गरज वाटली नाही. आता उघड आहे की त्यांना ऐकूच आलं नव्हतं. कान तेव्हाच गेलेले. कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं? ते म्हणाले हे सगळं दोन वर्षांतलं, त्याआधीच्या तपासण्या ठणठणीत आहेत. आणि माझी टेप त्याआधीची, बरं, मान्य. पण तपासणीत काय कळतं? तुम्हीच सांगा, दात आतून किडायला नेमका कधी लागला ते तुम्हाला सांगता येतं? नाही ना? मग. तसंच. सुरुवात तेव्हाच झालेली असणार. असं बघू नका माझ्याकडे. मी काय तुमच्या खुर्चीत तोंड वासून बसलेय?

थांबा — हेडफोन काढले. लिहितायत. काय मन लावून लिहितायत बघा, जीभ बाहेर आलीय. द्या काका, इकडे द्या. छान होती. छान होती म्हटलं. हो, वाचते. ऐका डॉक्टर — 'वर्षभरात असं धाडस कुणी केलं नाही. या माणसाने सगळं काढून टाकलं, आणि जे उरलं ते सोसवत नाही. आवाज वाढवून ऐका.' सापडले काका. हे धरा. रविवारी एका हातात ही चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात कोरी टेप, आणि सगळ्यांच्या समोर — काय?

पुन्हा म्हणा. कुठे चिकटवायची? अहो, पण ती तुमच्या टेपची नाहीच. तुमची टेप ड्रॉवरमध्ये होती, तुम्ही स्वतः बघितलीत, आत्ता, इथे. कुणाला माहीत आहे म्हणजे? मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. अच्छा. म्हणजे तुम्ही बोलणार नाही. आणि मी बोलले, तर तुम्ही सांगणार की मशीनमध्ये तुमचीच टेप होती. शाबास. कोल्हा काकडीला राजी ऐकलं होतं, हा तर सालींवरच खूश आहे. सगळं काढून टाकलं म्हणे — ते तुमचं गाणं काढलं असतंत तर निदान एक ओळ खरी ठरली असती. हसू नका. चिठ्ठी चुरगळेल, किती घट्ट धरलीय.

घ्या. सेलोटेप तिथे आहे. सरळ चिकटवा, वाकडी लावलेली काकांना चालत नाही. रविवारी या, लोक पाठ थोपटतील, ड्रिलबद्दल विचारतील, काका हात हातात घेतील. माझ्याशी बोलायला येऊ नका.

आले, काका. पुढची? हो, लावते, डोळे मिटा तुम्ही.

अजून इथेच? खालच्या कप्प्यातली कोणती लावतेय त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? जिना तिकडे आहे. दार ओढून घ्या.