बसचं दार मी उघडलं होतं

समारंभाच्या अध्यक्षा डीन पेम्बर्टनबाई, क्रीडा विभागाचे प्रमुख टॅनहिलसाहेब, आज जिला निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो ती आयडेला क्रचफील्ड, समोर बसलेले सगळे खेळाडू, शिक्षक आणि स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या मंडळींनो,

आधी तब्येतीचं विचारतो, मग बाकीचं. डीनबाई, गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना पाहिलं, काठी दिसली नाही, बरं वाटलं. टॅनहिलसाहेब, रक्तदाब? मोसम चालू आहे म्हणजे चढलेलाच असणार. आयडेला, तुझा खोकला? आणि मागच्या रांगेतला टोबायस ग्रेव्हली, तू कसा आहेस रे? दोन तास गाडी चालवून आलास. जेवून जा. मक्याची भाकरी संपायच्या आत उठ मात्र.

मी ऑर्व्हिल स्टॅम्प्स. एकतीस वर्षं या कॉलेजच्या फुटबॉल संघाची बस चालवतो. शाळा नववीत सुटली. जे काही शिकलो ते आरशातून, मागच्या सीटवर आयडेला पोरांना शिकवायची ते ऐकत. हाडांची नावं मला आजही पाठ आहेत, ओहायोतले रस्ते आहेत तशी.

हा समारंभ शनिवारी व्हायचा होता, आज गुरुवारी होतोय. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. टीव्हीवाल्यांनी शनिवारचा सामना दुपारी बाराला घेतला. मी तक्रार करत नाही. बसची नवी सीटं टीव्हीच्याच पैशांतून आली. पण सामना मंगळवारी खेळा म्हटलं की मंगळवारचा वर्ग कुठे जातो, हे कोणी कधी विचारलं का? आयडेलाने विचारलं. सत्तावीस वर्षं तिचं कामच ते होतं. प्रश्नपत्रिकेचं बंद पाकीट घेऊन ती संघाबरोबर फिरायची आणि जिथे जागा मिळेल तिथे, घड्याळ लावून, पोरांची परीक्षा घ्यायची.

आता नऊ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. संध्याकाळी सामना, पाच तासांचं अंतर, आणि दुपारी दोन ते चार टोबायसचा शरीरशास्त्राचा पेपर. दुसऱ्यांदा देत होता. नापास झाला की फिजिओथेरपीचं शिक्षण बंद. वाटेत बर्फ लागला, मैदानावर पोचलो तेव्हा दोनला दहा कमी. हॉटेल गाठणं शक्यच नव्हतं. आयडेला म्हणाली, "बाकीच्यांना जेवायला उतरव. बस हाच परीक्षेचा वर्ग. आणि ऑर्व्हिल, दाराला हात लावायचा नाही."

दोनला पेपर सुरू. पावणेतीनच्या पुढे काचेवर टकटक. कानाला यंत्र लावलेला टीव्हीचा एक तरुण, त्याच्यामागे कॅमेरा, आणि तो लाल टोपीवाला, जो मैदानात येऊन उभा राहिला की जाहिराती संपेपर्यंत खेळ थांबतो.

आणि मी दार उघडलं.

का उघडलं? सवय. टीव्हीवाल्यांनी ठोठावलं की उघडायचं, इतकी वर्षं तेच केलं. थंडगार वारा आत, त्यांचा गोंगाट आत. "फक्त दोन मिनिटं, ताई! ग्रेव्हली बसमधून उतरतो, खांद्यावर बॅग, एवढंच दाखवायचंय. उजेड चाललाय!"

"त्याचा पेपर चाललाय."

"ताई, सगळा देश बघणार आहे!"

"मग देशाला सांगा, मुलगा मानेचे मणके लिहितोय."

तरुण पायरीवर चढला. टोबायसची पेन्सिल थांबली. तेव्हा आयडेलाने वाकून त्या लाल टोपीवाल्याची टोपी काढली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि दारात उभी राहिली. "ही टोपी उभी आहे तोवर काही सुरू होत नाही. नियम तुमचाच ना? दर सामन्याला बावीस धिप्पाड पोरं तुमच्या जाहिरातींसाठी कमरेवर हात ठेवून थांबतात. आज तुम्ही थांबा."

लाल टोपीवाला आधी हसला. मग तरुण खाली उतरला. मी दार लावलं. चार मिनिटं गेली होती.

टोबायस चौऱ्याहत्तर गुण मिळवून पास झाला. सत्तर लागत होते. आज तो इस्पितळात लोकांना पुन्हा चालायला शिकवतो. पण गोष्ट इथे संपत नाही. पाकिटावर जे घडलं ते लिहावं लागतं. आयडेलाने लिहिलं, 'चार मिनिटं दार उघडं होतं, चूक माझी.' प्राध्यापकांनी पेपर मान्य केला. क्रीडा विभागाने मात्र तिला लेखी ताकीद दिली, निष्काळजीपणाची. ती अजून तिच्या फायलीत आहे.

मी तिला म्हटलं होतं, "मी सांगतो खरं काय ते." ती म्हणाली, "तुझा करार दर वर्षी नवा होतो, माझा नाही. गप्प गाडी चालव." आणि मी गप्प चालवली. नऊ वर्षं. आज नाही बोललो तर कधी?

टॅनहिलसाहेब, तेव्हा तुम्ही इथे नव्हता, तुमचा दोष नाही. हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. शुद्धलेखन माझंच आहे, सांभाळून घ्या. त्यात एकच मजकूर आहे: दार ऑर्व्हिल स्टॅम्प्सने उघडलं होतं. तिच्या फायलीत, त्या ताकिदीच्या वर लावा.

आयडेला, हात हलवून मला थांबवू नकोस. टोपी आज तुझ्या डोक्यावर नाही.

मंडळी, वेळ जास्त घेतला. थंड झालेल्या जेवणाबद्दल आणि कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर त्याबद्दल माफ करा. आलात, ऐकून घेतलंत, आभारी आहे. दाराची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही, ती आयडेलाकडे मागायची आहे.

आणि साहेब, पत्राचं उत्तर लवकर लिहा. मला नको. ती रविवारी मुलीकडे राहायला जातेय, पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. तिलाच लिहा.